दादाने आणलेलं हिरवट लाकूड

मे महिन्यात गावी पोचले, तर चपला काढायच्या आधीच दादा मला मागच्या परड्यात घेऊन गेला. नव्या गोठ्यासाठी त्याने लाकूड आणलं होतं. ताडपत्री बाजूला सारून म्हणाला, "बघ गो, वीस वर्षं पाण्यात होतं हे. वाळवीचं एक तरी भोक दिसतंय? आणि भाव विचारशील तर सागाच्या पाव हिश्शालाही नाय."

भोकं होती. पण ती वाळवीची नव्हती, बोल्टची होती, ठरावीक अंतरावर. पट्ट्यांना सारख्या मापाच्या खाचा होत्या. वरून रंग राखाडी, आणि दादाने जिथं करवत चालवली होती तिथं कापाच्या कडेने बोटभर जाडीचा हिरवट पट्टा. तळोज्याजवळच्या एका लाकूड-ट्रीटमेंट प्लान्टच्या लॅबमध्ये मी एकोणीस वर्षं काढली आहेत. हे लाकूड कुठून आलं ते विचारायची मला गरज नव्हती. कारखान्याचा जुना कूलिंग टॉवर, म्हणजे गरम पाणी थंड करायचा मनोरा, मोडतात, त्याचं पाइन भंगारात निघतं, भंगारवाल्याकडून वखारीत जातं, आणि तिथून "स्वस्त आणि टिकाऊ" म्हणून कुणाच्या तरी परड्यात येऊन पडतं.

मी पोचेपर्यंत वहिनीने भुसा पोत्यात भरून ठेवला होता, कोंबड्यांच्या खुराड्यात पसरायला. ढपल्या न्हाणीघराशी, बंबाशेजारी रचलेल्या. त्या संध्याकाळी मी बंब पेटवू दिला नाही, आणि जेवणं होईपर्यंत घरात माझ्याशी कुणी धड बोललं नाही. पुढच्या दोन दिवसांत दादाला जे जे सांगितलं आणि त्याच्याबरोबर उभं राहून करून घेतलं, ते इथं लिहिते आहे. असं विषारी औषध मुरवलेलं लाकूड आणणारा तो एकटा नाही, हे मला माहीत आहे.

लाकडात असतं काय?

लाकूड किडू-कुजू नये म्हणून मुरवलेल्या या औषधाला कागदोपत्री कॉपर क्रोम आर्सेनेट म्हणतात. आमच्याकडे सगळे नुसतं सीसीए म्हणायचे, आणि जुने लोक आस्कू. आस्कू म्हणजे आर्सेनिक आणि तांबं यांच्या रासायनिक खुणा जोडून केलेलं नाव. हे औषध परदेशातून आलेलं नाही. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत १९३३ साली सोंटी कामेसन या भारतीय शास्त्रज्ञाने ते शोधलं. १९३८ मध्ये त्यांना अमेरिकेचं पेटंट मिळालं, आणि पुढे कित्येक दशकं जगभरातले असंख्य विजेचे आणि टेलिफोनचे लाकडी खांब याच औषधावर उभे राहिले. मला या गोष्टीचा अजूनही अभिमान वाटतो. विष आहे म्हणून तो कमी होत नाही.

तिन्ही धातूंची कामं वेगळी आहेत. तांबं बुरशी मारतं. आर्सेनिक वाळवी आणि कीड मारतं, शिवाय तांब्याला न जुमानणारी बुरशीही. क्रोमियम या दोघांना लाकडाच्या धाग्याशी बांधून ठेवतं, म्हणजे पावसाने ते धुऊन जात नाहीत. आपल्याकडच्या जुन्या मिश्रणात आर्सेनिक पेंटॉक्साइड एक भाग, मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, तीन भाग आणि सोडियम किंवा पोटॅशियम डायक्रोमेट चार भाग असायचं. लाकूड लोखंडी सिलिंडरमध्ये कोंडायचं, आधी व्हॅक्यूम ओढायचा, मग द्रावण सोडून दाब द्यायचा. ब्रशने लावलेलं औषध वरवर राहतं. हे आत, बोट-दोन बोटं खोल जातं.

ते किती जातं, हे दादाला पटवायला मला कागद-पेन्सिल घ्यावी लागली. जमिनीत पुरायच्या लाकडासाठी अमेरिकेत घनमीटरला साधारण ६.४ किलो औषध धरतात. त्यातला ३४ टक्के भाग आर्सेनिक पेंटॉक्साइडचा, आणि त्याच्या वजनात दोन तृतीयांशाला जरा कमी शुद्ध आर्सेनिक. हिशेब केला तर एका घनफुटात सुमारे ४० ग्रॅम आर्सेनिक येतं. आपल्याकडे पिण्याच्या पाण्याची मर्यादा आहे लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. दादाने २५ घनफूट आणलं होतं. म्हणजे परड्यात ताडपत्रीखाली एक किलो आर्सेनिक. तो गुणाकार त्याने स्वतः केला, आणि मग पहिल्यांदा गप्प बसला.

घाबरायचं कशाला आणि कशाला नाही

हे लाकूड अख्खं, सुकं, जागेवर उभं असेल तर त्याच्या शेजारून गेल्याने कुणाला काही होत नाही. मी रोज अशा शेकडो फळ्यांमधून चालत लॅबमध्ये जायची. विष लाकडात बांधलेलं आहे, आणि त्याला मोकळं करणाऱ्या तीन वाटा आहेत: करवत, आग, आणि ट्रीटमेंट नुकती झालेली असताना लाकडातून ठिबकणारं पाणी. त्याखेरीज हाताने हळूहळू पुसून निघतं तेवढंच. पण तेवढंही लहान मुलांच्या बाबतीत नको, कारण मुलांचा हात सारखा तोंडात असतो. अमेरिकेतल्या उत्पादकांनी २००३ च्या अखेरीस घरगुती वापरासाठी सीसीए थांबवलं, त्यामागे बागेतले झोपाळे, घसरगुंड्या आणि अंगणातली लाकडी जमीन यांचीच काळजी होती. युरोपनेही २००४ पासून घरगुती वापर बंद केला. खांब, कुंपण आणि कूलिंग टॉवर या कामांत ते पुष्कळ ठिकाणी चालू राहिलं.

ओळखायचं कसं?

नव्या लाकडावर हिरवट झाक असते. पाच-सात पावसाळ्यांनंतर ती राखाडी होते आणि वरून काही कळत नाही. म्हणून ताजा काप बघायचा. बाहेरच्या बाजूने हिरवट कडा आणि आत लाकडाचा मूळ पिवळसर रंग, हे लक्षण. वास येत नाही, तेव्हा नाक लावून हुंगत बसू नका. दुसरी खूण म्हणजे वजनाने हलकं, जातीने पाइन, वर्षानुवर्षं ओलाव्यात राहिलेलं, आणि तरी ठणठणीत. साधं पाइन आपल्या हवेत इतकी वर्षं टिकत नाही. बोल्टची भोकं आणि सारख्या खाचा असतील तर वखारवाल्याला सरळ विचारा, कूलिंग टॉवरचं आहे का? बहुतेक वेळा तो खरं सांगतो, कारण त्याच्या दृष्टीने ती जाहिरातच असते.

लॅबमध्ये आम्ही क्रोम अझुरॉल नावाच्या रंगद्रव्याचा थेंब टाकायचो. तांबं असेल तिथं गडद निळा डाग उठतो. दादाकडची एक ढपली पिशवीत घालून मी पनवेलला नेली, जुन्या सहकाऱ्याने थेंब टाकला, आणि कडेचा पट्टा दौतीतल्या शाईसारखा निळा झाला. या परीक्षेत फक्त तांबं दिसतं. आर्सेनिक नसलेली तांब्याची औषधंही आहेत, तेव्हा निळा डाग म्हणजे आर्सेनिकच, असं नाही. पण कूलिंग टॉवरच्या जुन्या पाइनमध्ये तांबं सापडलं तर मी दुसरं काही गृहीत धरत नाही. आणि कुणी सांगेल की तुकडा पेटवून बघा, ज्योत हिरवी झाली तर औषधाचं. ज्योत हिरवट होते हे खरं आहे. पण कळेपर्यंत धूर छातीत गेलेला असतो.

कापायची वेळ आलीच तर

आधी कमीत कमी काप कसे लागतील ते बघा. दादाने गोठ्याचा आराखडा लाकडाच्या मापाने बदलला असता तर निम्मे काप वाचले असते. रंधा मारूच नका, पॉलिश पेपर तर अजिबात नको. "जरा गुळगुळीत करून घेतो" या चार शब्दांत जेवढं विष उडतं तेवढं सगळ्या कापांत मिळून उडत नसेल.

काम उघड्यावर करायचं, वारा पाठीशी घेऊन, विहिरीपासून आणि स्वयंपाकघराच्या खिडकीपासून लांब. खाली एकसंध प्लास्टिक किंवा ताडपत्री, चारही कडा दुमडून, म्हणजे भुसा मातीत जात नाही. इलेक्ट्रिक कटर बारीक धूळ उडवतो, हातकरवतीचा भुसा जाड असतो आणि खाली पडतो. दोन-चारच काप असतील तर हातकरवत घ्या. कटर चालवायचाच असेल तर नाकाला एन९५ मास्क, आणि तो नाकाच्या हाडावर दाबून नीट बसलेला. गमछा किंवा रुमाल बांधून काही होत नाही, बारीक धूळ त्यातून आरपार जाते. दाढी असेल तर मास्क बसतच नाही. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी किंवा नायट्राइलचे मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा.

आता खरी अडचण. आमचे अण्णा सुतार होते. खिळे दातांत धरायचे, पेन्सिल कानावर, आणि कानावरून ती तोंडात जायची. दर तासाने तळहातावर तंबाखू मळायची, चुना लावून, अंगठ्याने रगडून. गावातला प्रत्येक सुतार आजही असाच काम करतो, दादाही करतो. याच्यापुढे मास्क काही कामाचा नाही. भुसा लागलेल्या तळहातावर मळलेली तंबाखू ओठाखाली ठेवली की आर्सेनिक पोटात जायला दुसरी वाट शोधावी लागत नाही. चुनाही त्यातलं काही मारत नाही. तेव्हा या लाकडाचं काम चालू असताना खिळे डब्यात. तंबाखू, विडी, चहा, वडापाव सगळं बंद, आणि हवंच असेल तर आधी साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन, कामाच्या जागेपासून लांब जाऊन. हातांना चिरा किंवा जखमा असतील तर त्या दिवशी हे काम दुसऱ्याला द्या.

काम संपलं की भुसा झाडायचा नाही, झाडल्याने उडतो. आधी पाण्याचा हलका शिडकावा, मग ताडपत्री गोळा करून भुसा थेट जाड पिशवीत, आणि ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. कपडे अंगणातच काढायचे आणि वेगळे धुवायचे, पोरांच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत. ते धुणाऱ्या बाईला आधी सांगायचं. हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम घालते आहे. आमच्या प्लान्टवर सुरुवातीच्या वर्षांत कामगार डांगरी घरी न्यायचे, आणि ती कुणाची तरी बायको हाताने घासायची. तिला कुणी कधी मोजे दिले नव्हते.

कापामुळे आतलं औषध न पोचलेलं लाकूड उघडं पडतं. ते टोक मातीत पुरू नका. मूळ टोक खाली ठेवा, कापलेलं वर, पत्र्याखाली. स्क्रू आणि खिळे जाड गॅल्व्हनाइझ केलेले किंवा स्टेनलेसचे घ्या. तांब्याच्या सहवासात साधं लोखंड लवकर गंजतं, आणि आपल्या खाऱ्या हवेत तर बघायलाच नको.

राख

इथं मी थोडी थांबणार आहे, कारण आपल्या घरात राखेइतकी कामाची वस्तू दुसरी नाही. भांडी राखेने घासतात. वाल, कुळीथ, चवळीचं बियाणं राखेत घोळवून ठेवतात. मिरचीच्या वाफ्यावर राख, अळवाच्या मुळाशी राख, संडासात राख, आणि जुन्या माणसांच्या दातांना राखुंडी. शिमग्यात होळीची राख कपाळाला. गावात जुना दरवाजा, मोडकं कुंपण, जे मिळेल ते पोरं होळीत नेऊन टाकतात.

लाकूड जळतं, धातू जळत नाहीत. आर्सेनिकचा काही भाग धुरातून जातो, आणि उरलेला, तांब्या-क्रोमियमसकट, राखेत गोळा होतो. एका टोपलीभर लाकडाची मूठभर राख होते, तेव्हा त्या मुठीत टोपलीभर लाकडातलं विष असतं. शिवाय लाकडात ते बांधलेलं होतं, राखेत ते बऱ्याच अंशी मोकळं असतं, पाण्यात उतरतं.

हे अनुमान नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये एक आठ जणांचं कुटुंब घर उबदार ठेवायला शेगडीत असं लाकूड जाळत होतं. सलग तीन वर्षं सगळे आजारी पडत राहिले. अंगावर पुरळ, झटके, केस गळणं. हिवाळा आला की वाढायचं, उन्हाळ्यात उतरायचं, आणि कुणाला उलगडा होईना. १९८४ साली त्यावर वैद्यकीय नियतकालिकात लेख आला, तेव्हा कारण निघालं शेगडीतलं लाकूड. आपला बंब वर्षभर चालतो. उन्हाळ्यात सुटका होण्याचाही प्रश्न नाही.

जनावरांचं तर आणखी वाईट. राख खारट लागते आणि गुरांना खारट आवडतं. जाळलेल्या सीसीए लाकडाची राख चाटून गुरं मेल्याच्या नोंदी पशुवैद्यकात आहेत. गोठ्यात डासांसाठी धुरी घालताना ढपल्या कुठल्या, हे एकदा बघून घ्या. जनावर अचानक हागवणीने ढासळलं, झोकांड्या देऊ लागलं आणि जवळपास अशी राख असेल, तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात राखेचं सांगा.

तेव्हा नियम एकच आणि त्याला अपवाद नाही. हे लाकूड चुलीत नाही, बंबात नाही, होळीत नाही, वीटभट्टीत नाही, बेकरीत नाही. फुकट मागायला आलेल्यालाही द्यायचं नाही. भुशाचंही तसंच. खुराड्यात, गांडूळखतात, आळिंबीच्या बेडमध्ये, आंब्याच्या पेटीत, कुठेही नाही.

मग ठेवायचं कुठे?

अख्खे तुकडे वापरता येतात. कुंपणाला, पॉवर टिलरच्या शेडला, पाण्याच्या टाकीखालच्या मचाणाला. विहिरीच्या काठावर नको, पाण्याच्या पन्हाळीला नको. गव्हाण, दावणीचे खांब आणि गाळ्यांच्या आडव्या फळ्या यांना तर नकोच, कारण गुरं लाकूड चाटतात आणि चघळतात. मधमाश्यांच्या पेट्या, कोंबड्यांची खुराडी, पाटे, पोळपाट, पाळणे, शाळेचे बाक, सगळं वर्ज्य. भाजीच्या वाफ्याला कडेने हे लाकूड लावायची हल्ली टूम आहे. माठाची भाजी आणि मुळा खांबाच्या बुडाशी लावू नका. आपल्या जांभ्याच्या मातीत लोह भरपूर, ते आर्सेनिकला धरून ठेवतं, म्हणून ते फार लांब जात नाही. पण नेमकं म्हणूनच खांबाच्या बुडाशी साठतं.

जिथं माणसांचे हात लागतात तिथं दर वर्ष-दोन वर्षांनी तेलयुक्त, लाकडात मुरणारा रंग द्या. हाताला लागणारं आर्सेनिक त्याने कमी होतं. रंग देण्याआधी घासायचं नाही, फक्त ओल्या फडक्याने पुसायचं. आणि शेवाळ घालवायला ब्लीचिंग पावडर किंवा आम्लाचे क्लीनर वापरू नका. आम्लाने धातू सुटतात, आणि ब्लीचने निरुपद्रवी झालेलं क्रोमियम पुन्हा घातक रूपात जाऊ शकतं.

उरलेल्या ढपल्या आणि भुसा कोरड्या जागी, दुहेरी पिशवीत, वर ठळक अक्षरांत लिहून ठेवा. आमच्या प्लान्टचा गाळ तळोज्याच्या घातक कचरा केंद्रात जायचा, त्याची नोंद ठेवावी लागायची. कारखान्यांना २०१६ चे घातक कचऱ्याचे नियम आहेत. घरगुती पोत्यासाठी अशी सोपी वाट नाही, हे खरं आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या कार्यालयात लेखी विचारा. माल नुकताच घेतला असेल तर वखारवाल्याला परत घ्यायला लावा. पुरणं, ओढ्यात टाकणं, कचऱ्याच्या ढिगाला काडी लावणं, यांपैकी काहीही करू नका.

ज्यांना द्रावण हाताळावं लागतं त्यांच्यासाठी

घरी कुणी सीसीए मिसळत बसू नये, एवढंच घरच्यांना सांगणं पुरे. पण या धंद्यात नवीन पोरं येतात आणि त्यांना मोजे आणि गमबूट देऊन कामाला जुंपतात, म्हणून थोडं लिहिते.

द्रावणातलं क्रोमियम षट्संयोजी, म्हणजे त्याच्या घातक रूपातलं असतं. ते आणि आर्सेनिक दोन्ही कॅन्सरकारक म्हणून निश्चित झालेले आहेत. लाकडात मुरल्यावर हळूहळू क्रोमियमचं रूप बदलतं, पिवळ्याचं हिरवं होतं, आणि मगच सगळं बांधलं जातं. याला वेळ लागतो. आपल्या उन्हाळ्यात काही दिवस, थंडीत त्याहून पुष्कळ जास्त. तोपर्यंत लाकूड ठिबक-फरशीवर, छपराखाली राहिलं पाहिजे. ट्रक दारात उभा आहे म्हणून ओलं लाकूड भरायचं नाही. आम्ही लाकडाला भोक पाडून आतला बारीक तुकडा काढायचो आणि त्याची क्रोमोट्रॉपिक आम्लाची चाचणी घ्यायचो. कागदावर जांभळट डाग उठला, म्हणजे घातक क्रोमियम अजून शिल्लक आहे, की माल अडवायचा. त्या डागांवरून मी जेवढी भांडणं केली तेवढी आयुष्यात कशावरून केली नाहीत.

आमच्याकडे एक जुने ऑपरेटर होते. बसून पेपर वाचायचे तेव्हा श्वासाबरोबर त्यांच्या नाकातून बारीक शिट्टी वाजायची. पोरं हसायची. क्रोमियमच्या फवाऱ्याने नाकातला पडदा खातो, भोक पडतं, आणि दुखत नाही म्हणून कळत नाही. बोटांच्या पेरांवर, नखांच्या कडेलाही अशीच न दुखणारी खोल गोल जखम होते. दुखत नाही म्हणजे किरकोळ, असं धरू नका. सिलिंडरचं दार उघडताना वाफेत तोंड घालायचं नाही. नाक आणि हात दर महिन्याला कुणाला तरी दाखवायचे. वर्षातून एकदा लघवीतलं आर्सेनिक तपासायचं, आणि त्याआधी तीन-चार दिवस मासे बंद. माशांमधलं निरुपद्रवी आर्सेनिकही चाचणीत दिसतं. आमच्यातला एक जण आदल्या रात्री बांगडे खाऊन गेला होता. आकडा बघून डॉक्टरांनी त्याला दाखल करायची तयारी केली.

काही झालंच तर

द्रावण अंगावर उडालं तर कपडे काढून साबण आणि भरपूर वाहतं पाणी. डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून वाहत्या पाण्याखाली १५ ते २० मिनिटं, मग डॉक्टर. पोटात गेलं असेल तर उलटी काढायला लावू नका. मिठाचं पाणी, तूप, दूध असं काही नको. तोंड खळखळून धुवा आणि निघा. १०८ ला फोन करा. दिल्लीच्या एम्समधलं विषबाधा माहिती केंद्र चोवीस तास चालू असतं, १८०० ११६ ११७, डॉक्टरांनाही तिथून सल्ला मिळतो. डब्याचं लेबल बरोबर न्या. ते नसेल तर "आर्सेनिक आणि क्रोमियम" हे दोन शब्द सांगा. नुसतं "लाकडाचं औषध" म्हटलं तर समोरचा टर्पेंटाइन समजतो.

मोठ्या मात्रेत पोटात मुरडा, उलट्या, भाताच्या पेजेसारखे जुलाब, श्वासाला लसणीसारखा वास. हळूहळू चढणारं विष मात्र वेगळं दिसतं. तळहात-तळपायांवर खडबडीत गाठी, पाठीवर-छातीवर पाऊस शिंपडल्यासारखे काळे-पांढरे ठिपके, पायांना मुंग्या. सुतारकाम करणाऱ्याच्या हाताला घट्टे असणारच म्हणून ते दुर्लक्षित राहतात. तळपायालाही तसेच असतील तर डॉक्टरांना कामाचं स्वरूप सांगा.

दादाचं काय झालं? भुशाचं पोतं खुराड्यात गेलं नव्हतं, एवढं नशीब. ते आणि ढपल्या दुहेरी पिशव्यांत बांधून माळ्यावर आहेत, वर वहिनीने कोळशाने "हात लावू नये" लिहिलं आहे. अख्खे वासे पॉवर टिलरच्या शेडला लागले, एकूण सहा काप करून. गोठ्यासाठी ऐनाचं लाकूड घेतलं, ज्याचे पैसे अर्धे मी दिले आणि अर्ध्यांवरून अजून टोमणे खाते आहे. वाळवीसाठी काय लावू, असं त्याने विचारलं. पत्र्याखालच्या कोरड्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडचं द्रावण चालतं, पावसात ते धुऊन जातं. आपलं जुनं काजूच्या टरफलांचं तेलही चालतं, फक्त ते बिब्ब्यासारखं उततं, तेव्हा मोजे तिथंही लागतात.

गेल्या आठवड्यात वहिनीचा फोन आला होता. म्हणाली, खिळे ठेवायला त्याने करवंटीला दोन भोकं पाडून दोरी ओवलीय आणि गळ्यात अडकवतो. तंबाखूचं विचारलं, तर म्हणाली, "ता विचारू नको."